पाटी कायद्याची, जीभ आपली

चिमू,

दुकानाच्या किल्ल्या आता तुझ्या हातात आल्या. तूरडाळ किती दिवसांत संपते, आंब्याच्या पेट्या कधी मागवायच्या, हे तुला आता माझ्याहून बरं कळतं. कॉम्प्युटरवर तू ते रंगीत तक्ते काढतेस तेव्हा तुझे काका नुसते बघत राहतात. पण परवा फोनवर विचारलंस, "मावशी, कमरेला पिस्तूल लावून कोणी आत आलं तर मी काय करायचं?", तेव्हा एवढी बडबडी तू, पण आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणून हे लिहिते आहे. यात घाबरण्यासारखं फार नाही, पण नीट करण्यासारखं पुष्कळ आहे. हे सगळं आपल्या टेक्ससपुरतं आहे. सावकाश वाच, जावईबापूंनाही वाचू दे, आणि काउंटरवरच्या मुलांकडून यातलं निम्मं तरी पाठ करून घे.

१. इथे पिस्तूल लावून आलेला माणूस बहुतेक वेळा कायद्यात राहूनच आलेला असतो, हे आधी मनाशी पक्कं कर — १ सप्टेंबर २०२१ पासून, ज्याला कायद्याने मनाई नाही अशा प्रौढ माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. ते दिसत असेल तर होल्स्टरमध्ये असायला हवं, एवढंच.

२. पुण्यातला चष्मा काढून ठेव — तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवाना मिळवतानाच माणूस थकतो, त्यामुळे बंदूक दिसली की आपण पोलीस नाहीतर गुंड एवढेच दोन अर्थ लावतो. इथे ती शाळेतल्या बाईंच्या पर्समध्येही असू शकते.

३. समोरच्याची भीती समजून घे — १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावात लूबीज नावाच्या खानावळीत एका माणसाने २३ जणांना मारलं. सुझाना हप आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हाच्या कायद्याने ते बरोबर बाळगता येत नव्हतं. आईवडील दोघेही गेले. पुढे त्या ठिकठिकाणी जाऊन बोलल्या, आमदार झाल्या. १९९५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी झाकलेल्या पिस्तुलाच्या परवान्याच्या कायद्यावर सही केली त्यामागे ही गोष्ट होती, आणि इथल्या कित्येकांच्या मनात ती आजही आहे.

४. आणि आपली भीतीही खोटी मानू नकोस — ३ ऑगस्ट २०१९ रोजी एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला आणि त्यातही २३ माणसं गेली. शनिवारी सकाळी घरचा बाजार करायला आलेली माणसं होती ती. दुकानात पिस्तूल नको असं आपल्याला वाटतं त्याची लाज धरू नकोस.

५. हक्काच्या वादात पडू नकोस — घटनेची दुसरी दुरुस्ती सरकारचे हात बांधते, दुकानदाराचे नाही. खासगी जागेत काय आणू द्यायचं ते जागेचा ताबा असलेला माणूस ठरवतो आणि टेक्ससचा कायदा हे मानतो. फक्त ते कसं कळवायचं याची त्याने बारीक रीत घालून दिली आहे, आणि माणसं चुकतात ती त्या रीतीत.

आता ठरवायचं काय, ते बघ. इथे घाई करू नकोस.

६. पाटी मागवण्याआधी घरात एकदा बसून ठरवा: सगळ्याच बंदुका नकोत, की उघड्यावर दिसणाऱ्या नकोत? आधी घरात एकमत, मग दारावर मत — तू गिऱ्हाइकाला एक सांगितलंस आणि जावईबापूंनी दुसरं, तर पाटी असून नसल्यासारखी.

७. पाट्या तीन आहेत आणि लोक त्यांना कलमाच्या आकड्यानेच ओळखतात — थर्टी-ओ-फाइव्ह, थर्टी-ओ-सिक्स, थर्टी-ओ-सेव्हन. ३०.०६ परवानाधारकाच्या झाकलेल्या पिस्तुलासाठी, ३०.०७ परवानाधारकाच्या उघड्या पिस्तुलासाठी, आणि ३०.०५ बाकीच्यांसाठी, म्हणजे परवाना न काढता पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठी.

८. एकच पाटी लावून तिन्ही काम झालं असं समजू नकोस — परवाना आणि पिस्तूल दोन्ही असलेल्या माणसाला एकट्या ३०.०५ ने अडवता येत नाही. परवाना दाखवला की कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. आणि नुसत्या ०६-०७ लावल्या, तर ज्याने परवानाच काढलेला नाही त्याला त्या लागू होत नाहीत.

९. मधला रस्ताही आहे. ३०.०५ आणि ३०.०७ लावायच्या, ३०.०६ सोडायची — मग परवाना असलेला, पिस्तूल झाकून आणणारा माणूस तेवढा आत येतो. दिसत काहीच नाही. जानेवारी २०१६ मध्ये परवानाधारकांना उघडं पिस्तूल लावायची मुभा मिळाली, तेव्हा एच-ई-बी या किराणा दुकानांच्या साखळीने उघड्याला नाही आणि परवान्याच्या झाकलेल्याला हो, असंच धोरण घेतलं होतं. मला विचारशील तर किराणा दुकानाला हेच सोयीचं आहे, पण दुकान तुझं आहे, तूच ठरव.

१०. रायफल खांद्याला लावून येणारा विरळा, पण त्याचाही विचार आधीच करून ठेव — ०६ आणि ०७ फक्त पिस्तुलांविषयी बोलतात. लांब बंदूक अडवायची तर ३०.०५ हवी.

११. "कृपया बंदूक आणू नये" असा गोड कागद लावला तर ती विनंती झाली, मनाई नाही — एल पासोनंतर वॉलमार्टने गिऱ्हाइकांना केली ती अशीच विनंती होती. विनंती करण्यात गैर काही नाही, पण विनंती कोणती आणि कायद्याची सूचना कोणती, हे तुला स्वतःला ठाऊक असू दे.

१२. विम्याच्या एजंटला आणि एखाद्या स्थानिक वकिलाला एकदा विचार, लीजचा कागदही काढून वाच — पाटीमुळे किंवा पाटी नसल्यामुळे विम्यात काही फरक पडतो का, प्लाझाच्या मालकाने आधीच काही नियम घातलेत का, हे नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. वकिलाची एका तासाची फी वाचवू नकोस गं.

पाटीविषयी मी जरा जास्तच बोलणार आहे. लोक इथेच आळस करतात.

१३. शब्द कायद्यातले, जसेच्या तसे. एक शब्द गाळू नकोस, एक घालू नकोस — ०६ आणि ०७ साठी कायदा "अगदी हीच भाषा" असा आग्रह धरतो. पाटी सुटसुटीत करावी म्हणून कलमाचा उल्लेख काढलास, तर दारावर फक्त सजावट उरते.

१४. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही हवं — कायद्यातच तसं लिहिलं आहे. आपल्या लोकांसाठी खाली मराठी-गुजराती ओळ लिहायची तर लिही, पण ती पाहुणचारापुरती. कायद्याच्या हिशेबात ती धरत नाहीत.

१५. अक्षरं ठळक, सुटी, किमान एक इंच उंचीची. फूटपट्टी लावून स्वतः मोज — छापणारा "साधारण एवढंच असतं" म्हणेल, पण इंचाला चुकलं ते कोर्टाला मुकलं.

१६. एक इंचाची अक्षरं, दोन भाषा, लांबलचक वाक्य. म्हणजे पाटी मोठी होणारच. आधी दाराचं माप घे, मग ऑर्डर दे — तिन्ही पाट्या लावल्या की काचेचा बराच भाग जातो, आणि मग कोणाला तरी कोपरा कापायचा मोह होतो.

१७. रंग एकमेकांवर उठून दिसणारे घे. पारदर्शक स्टिकर शक्यतो नकोच — काचेवरची पांढरी अक्षरं रात्री आत दिवे लागले की पुसट होतात, आणि मागे तांदळाच्या पांढऱ्या गोण्या रचल्या असतील तर दिवसाही दिसत नाहीत. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं साधी दिसतात, पण वाचता येतात.

१८. बंदुकीवर लाल आडवी रेघ मारलेलं चित्र लावलंस तर ते पाट्यांच्या जोडीला लाव, पाट्यांच्या जागी नको — परवानाधारकाला ०६-०७ ची सूचना देण्यासाठी कायद्याला शब्द लागतात, चित्र पुरत नाही.

१९. लोक येतात त्या प्रत्येक दारावर लाव: समोरचं, पार्किंगकडचं, आणि नाश्त्याच्या काउंटरचं वेगळं दार आहे ते — ३०.०७ च्या बाबतीत कायदा "प्रत्येक प्रवेशावर" असं स्पष्ट म्हणतो, आणि एका दारावर तीन, दुसऱ्यावर एक असा घोळ घातला तर गिऱ्हाईकही गोंधळतं.

२०. सरकत्या दारावर पाटी लावू नकोस, शेजारच्या पक्क्या काचेवर लाव — दार उघडलं की पाटी दुसऱ्या काचेमागे जाते आणि आत येणाऱ्याला ती दिसतच नाही.

२१. आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुला हसू येईल: पाटीवर पोस्टर लावू देऊ नकोस — दिवाळी पहाट, नाटकाचे प्रयोग, डबेवाल्या काकू, भरतनाट्यमचे क्लास, सगळ्यांना तीच काच हवी असते. आपली माणसं प्रेमाने चिकटपट्टी लावतात आणि तुझी पाटी झाकून जाते. त्यांच्यासाठी आत एक वेगळा बोर्ड टांगून दे, आणि दारावर "नाही" म्हणायला शीक, अगदी मंडळाच्या अध्यक्षांनाही.

२२. रोज शटर उघडताना पाट्यांवर एक नजर टाक, आणि महिन्यातून एकदा तारखेसकट फोटो काढून ठेव — ह्यूस्टनचं ऊन काळा रंग वर्षभरात करडा करतं, आणि "त्या दिवशी पाटी होती" हे शब्दांपेक्षा फोटो चांगलं सांगतो.

२३. दारावरचा कॅमेरा असा लाव की येणारा माणूस आणि पाटी दोन्ही एकाच चित्रात येतील — पुढे वाद झाला तर कोणी काय पाहिलं यावर तासभर बोलावं लागत नाही.

पाट्या लागल्या. तरी एखाद्या दुपारी कोणीतरी येणारच. मान खाली घालून फोनमध्ये बघत येणाऱ्याला पाटी दिसत नाही, आणि खरं सांगते, दहापैकी नऊ वेळा एवढंच झालेलं असतं. इथून पुढे तुझ्या बोलण्याचं काम.

२४. वाईट हेतू धरून पुढे जाऊ नकोस. विसरला असेल असं धरून जा — माणूस तुझ्या चेहऱ्यावर जे वाचतो त्यालाच उत्तर देतो.

२५. दोनच वाक्यं पाठ कर. "सर, आमच्या दुकानात बंदूक आणू देत नाही. गाडीत ठेवून आलात तर आनंदच आहे." — पहिल्या वाक्याने कायद्याची तोंडी सूचना होते, दुसऱ्याने त्याला मानाने मागे फिरायला वाट मिळते.

२६. तोंडी सूचनेचं वजन ओळख — पाटी न पाळल्याचा दंड २०० डॉलरपर्यंतच आहे. पण समोरासमोर सांगितल्यावरही तो गेला नाही, तर गुन्हा वरच्या वर्गात जातो: एक वर्षापर्यंत कैद, ४,००० डॉलरपर्यंत दंड. पाटी नसली तरी तोंडी सांगणं चालतं, म्हणून शब्द स्पष्ट असू देत. "तुम्हाला चालणार असेल तर…" असं घोटाळत बोलू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

२७. गर्दीत ओरडून सांगू नकोस. बाजूला जाऊन, हात रिकामे आणि दिसतील असे ठेवून, हळू बोल — चार लोकांसमोर अपमान झाला की साधा माणूसही अडून बसतो.

२८. शर्ट वर सरकून क्षणभर पिस्तूल दिसलं आणि तुझ्याकडे ०६ ची पाटी नाही, तर काहीच बोलू नकोस — त्याने तुझा नियम मोडलेला नाही, आणि पिठाच्या गोणीसाठी वाकला म्हणून त्याला हटकायचं नसतं.

२९. "हा माझा हक्क आहे" असं म्हणाला तर "असेलही सर, पण या दुकानाचा नियम हा आहे" एवढंच म्हण आणि थांब — वादात जिंकून तुला काय मिळणार? तुला तो शांतपणे बाहेर जायला हवा आहे, आणि जमलं तर पुढच्या आठवड्यात परत यायलाही.

३०. "माझ्याकडे द्या, मी कपाटात ठेवते" असं चुकूनही म्हणू नकोस — भरलेलं हत्यार या हातातून त्या हातात जाताना अपघात होतात. ते त्याचं आहे, त्याच्याच गाडीत जाऊ दे.

३१. नियम सगळ्यांना एकच: टोपीवाल्याला, टायवाल्याला, गोऱ्याला, काळ्याला, आपल्या मंडळाच्या खजिनदारालाही — एकाला सोडलंस आणि दुसऱ्याला अडवलंस तर ते भेदभावाच्या तक्रारीपर्यंत जाऊ शकतं. आणि तक्रार झाली नाही तरी ते चूकच आहे.

३२. नाहीच ऐकलं तर मागे हो, मुलांना मागे घे, आणि ९११ ला फोन कर. त्याचा हात धरायचा नाही, वाट अडवायची नाही — पुढचं काम पोलिसांचं. तुझं काम सूचना दिली तिथेच पुरं झालं.

३३. फोनवर जे दिसतं तेवढंच सांग: "पिस्तूल होल्स्टरमध्ये आहे, त्याने हात लावलेला नाही, मी जायला सांगितलं, तो जात नाही, निळा शर्ट, पैसे द्यायच्या रांगेजवळ उभा आहे." — २०१४ साली ओहायोत बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये एक बावीस वर्षांचा तरुण दुकानातलीच छऱ्याची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत फिरत होता. तो लोकांवर बंदूक रोखतोय असं कोणीतरी ९११ ला कळवलं. पोलीस आले आणि त्यांनी त्याला गोळी घातली. तो गेला. फोनवर वाढवून बोललेला एक शब्द कोणाचा तरी जीव घेऊ शकतो, चिमू. हे मुलांना सांगताना माझ्या वतीने दोनदा सांग.

३४. त्यावरूनच आठवलं: होळीला पिचकाऱ्या मागवशील तेव्हा बंदुकीच्या आकाराच्या मागवूच नकोस, किंवा अगदी भडक रंगाच्या माग — काळी पिचकारी घेऊन पार्किंगमध्ये पळणारं आपलंच पोर दुरून कोणाला काय वाटेल, सांगता येत नाही.

३५. बाथरूममध्ये विसरलेलं पिस्तूल सापडलं तर हात लावू नका. दाराला कुलूप, बाहेर एक माणूस उभा, आणि पोलिसांना फोन — पट्टा सोडताना लोक ते काढून ठेवतात आणि विसरतात, आणि पुढचा आत जाणारा पाच वर्षांचाही असू शकतो.

कामावरच्या मुलांचं आता पटकन सांगते.

३६. नोकरांनी दुकानात बंदूक आणायची नाही असं ठरवायचं असेल तर परवाना असलेल्यालाही तसं सांगता येतं. कामावर घेतानाच लेखी दे आणि सही घे — भांडण झाल्यावर काढलेला नियम सगळ्यांना आपल्यावरच काढल्यासारखा वाटतो.

३७. पण पार्किंगमध्ये त्यांच्या स्वतःच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक असेल तर तिला मनाई करता येत नाही — २०११ पासून कायदा नोकराच्या बाजूने आहे. शाळा, काही रासायनिक कारखाने असे थोडे अपवाद आहेत, त्यात किराणा दुकान येत नाही. दुकानाची डिलिव्हरी व्हॅन मात्र तुझी, तिथे तुझा नियम चालतो.

३८. गल्ल्यावर जो असेल त्याला "तू बोलू शकतोस" असं आधीच सांगून ठेव — सूचना मालकाने किंवा मालकाच्या वतीने बोलणाऱ्याने द्यायची असते. तू भाजी आणायला गेली असशील आणि मुलगा तुला फोन लावत बसेल तर तोवर वेळ निघून जाते.

३९. महिन्यातून एकदा पाच मिनिटं सराव करून घे: एकाने गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्याने ती दोन वाक्यं म्हणायची — पहिल्यांदा म्हणताना प्रत्येकाचा आवाज कापतो. तो सरावात कापलेला बरा.

४०. पाटी चोराला अडवते असं स्वतःला कधी समजावू नकोस — ती कायदा पाळणाऱ्यासाठी आहे. चोरासाठी पार्किंगचे दिवे, गल्ल्यात कमी रोकड, रात्री दोघांनी मिळून शटर ओढणं, आणि मागितलं तर मुकाट्याने पैसे देणं, हे वेगळं. ते तुला काकांनी शिकवलं आहेच.

काही जागा आणि काही माणसं या सगळ्याच्या बाहेरची असतात.

४१. पोलिसाला अडवू नकोस, ड्यूटीवर असो नसो — लोकांना खुल्या असलेल्या दुकानाने पोलीस अधिकाऱ्याच्या हत्याराला मनाई करणं टेक्ससमध्ये चालत नाही. ओळखपत्र दाखवलं की "या साहेब" म्हण.

४२. लाल अक्षरांतली "५१ टक्के"ची पाटी दुसरीकडे छान दिसली म्हणून आणून लावू नकोस — निम्म्याहून जास्त उत्पन्न जागेवरच पिण्याच्या दारूतून येतं अशा बारसाठी ती असते. तिथे परवाना असला तरी कायदाच मनाई करतो. आपल्याला लागू नसलेली पाटी लावली की लागू असलेल्या पाट्यांवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

४३. गणेशोत्सवाची जागा ठरवताना हेही विचारून घे. शाळेच्या इमारतीत कायद्याचीच मनाई असते. देऊळ खासगी जागेसारखं, म्हणजे मनाई हवी तर पाटी लावायची. आणि शहराच्या मालकीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मंडळाने लावलेली ३०.०६ परवानाधारकाला बांधत नाही — सरकारी जागेला तो कायदा वेगळा आहे. प्रसादाचे मोदक मोजण्याआधी हे मोजा असं मी मंडळात सांगते, तेव्हा सगळे चहा प्यायला उठतात. तू तरी ऐक.

४४. जावईबापूंच्या मनात मोटेल घ्यायचं घोळतंय असं कानावर आलं आहे, म्हणून आधीच सांगते: तिथे दुकानाचे नियम चालणार नाहीत — २०२१ पासून टेक्ससच्या हॉटेलांना पाहुण्याला त्याच्या खोलीत बंदूक ठेवू नको म्हणता येत नाही, गाडीपासून खोलीपर्यंत नेतानाही अडवता येत नाही. लॉबीतून नेताना ती झाकून किंवा पिशवीत न्या, एवढं सांगता येतं.

४५. शिकागोकडे तुझ्या जावेचं दुकान आहे, तिला आपल्या पाट्या पाठवू नकोस — इलिनॉयमध्ये राज्य पोलिसांनी ठरवून दिलेली चार बाय सहा इंचाची छोटी पाटी चालते. तिथे आपली भली मोठी ३०.०६ निरर्थक, आणि इथे तिची ती छोटी. राज्य बदललं की पाटी बदलते, काही ठिकाणी तर तिचं वजनही.

४६. विषम सालांत सप्टेंबर आला की दारावरच्या पाट्या नव्या कायद्याशी पडताळून बघ — टेक्ससचं विधिमंडळ विषम वर्षी जानेवारीत १४० दिवसांसाठी बसतं, आणि तिथे झालेले बरेचसे कायदे १ सप्टेंबरला लागू होतात. परवाने, होल्स्टर, देवळं, हॉटेलं, सगळ्यांचे नियम असेच कुठल्या ना कुठल्या विषम वर्षी बदलले. कॅलेंडरवर आत्ताच खूण कर, गणपतीच्या तयारीत विसरशील.

४७. पाटीवरून कोणी इंटरनेटवर वाईट लिहिलं तर उत्तर देत बसू नकोस; दुकानात येऊन तोंडावर सांगितलं तर ऐकून घे आणि आभार मान — अशा दुकानांच्या याद्या ठेवणारी, तिथे न जाणारी माणसं आहेत, आणि कुठे पैसे खर्च करायचे हे ठरवायचा हक्क त्यांचा. तुझ्या हाताखाली चांगली इडली आणि ताजी कोथिंबीर आहे; गिऱ्हाईक टिकतं त्यावर.

४८. या विषयाची एक वही कर: कोणती पाटी कधी लावली, कोणाला कधी तोंडी सांगितलं, तो काय म्हणाला, कोण हजर होतं — तारीख आणि वेळ लगेच लिहिली तरच खरी राहते, महिन्याभराने आठवून लिहिलेलं स्वतःलाही पटत नाही.

पाट्या छापून आल्या की लावण्याआधी मला तिन्ही दारांचे फोटो पाठव. अक्षराशेजारी फूटपट्टी धरून काढ, म्हणजे मला इथे बसून इंच मोजता येतील. आणि शुक्रवारी फोन कर. ती दोन वाक्यं मला म्हणून दाखव, मी गिऱ्हाईक होते.

तुझी मावशी